उष्माघातात आधी गार करा, मग हलवा. गारठलेल्याला मात्र जपून हात लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊन तापू लागले किंवा थंडी कडाडली की दैनिकांतून काळजीच्या चौकटी येतात. भरपूर पाणी प्या, भर दुपारी बाहेर पडू नका, गरम कपडे घाला. सल्ला योग्यच आहे, पण तो माणूस धडधाकट असतानाचा आहे. डोळ्यांदेखत कोणी कोसळले तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे, हे त्या चौकटीत बहुधा नसते. शेवटची ओळ ठरलेली असते : ‘रुग्णास त्वरित रुग्णालयात हलवावे.’ आम्ही प्रथमोपचार शिकवणारी मंडळी आहोत आणि उष्माघाताच्या बाबतीत ही एकटी ओळ घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उष्माघातात आधी जागेवर गार करायचे असते आणि मग हलवायचे असते. थंडीने गारठलेल्या माणसाच्या बाबतीत घाई कमी आणि जपणूक जास्त लागते. या दोन गोष्टी उलटसुलट झाल्या की वाचू शकणारी माणसे जातात, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

उष्माघात ओळखण्यात पहिली चूक होते ती घामावरून. ‘अंगाला घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज फार पसरलेला आहे. घरात उकाड्यात दिवसचे दिवस राहिलेल्या वृद्धाची त्वचा कोरडी आणि तापलेली असते, हे खरे. पण उन्हात धावणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, सराव करणाऱ्या तरुण माणसाला उष्माघात होतो तेव्हा तो घामाने निथळत असू शकतो. खूण घामात नाही, मेंदूत आहे. शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले की मेंदूचे काम बिघडते. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, मारायला धावतो, झोकांड्या खातो, त्याला झटके येतात किंवा शुद्ध हरपते. त्याला नाव विचारा, आपण कुठे आहोत ते विचारा, आज वार कोणता ते विचारा. उन्हातून आलेला माणूस यात अडखळला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो उष्माघातच समजावा.

थर्मामीटरच्या भरवशावर राहू नये. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा कमी येतो. कपाळासमोर धरायचे यंत्र तर ओल्या, घामेजल्या त्वचेवर साफ फसवते. ‘३८ दाखवतंय, विशेष काही नाही’ असे म्हणून माणसाला पंख्याखाली झोपवून ठेवणे, ही चूक वारंवार होते. आकडा कमी आणि वागणे विचित्र असेल, तर वागण्यावर विश्वास ठेवावा.

आता उपचार. एकाने रुग्णवाहिका बोलवावी आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी गार करायला लागावे. सावलीत घ्या, बूट-मोजे, पट्टा, वरचे कपडे काढा. काढता येत नसतील तर कापा. सर्वांत वेगाने तापमान उतरवणारा उपाय म्हणजे मानेपर्यंत गार पाण्यात बुडवणे. टब असेल तर टब, नसेल तर मोठी ताडपत्री पसरून रुग्णाला मधोमध झोपवायचे, चार-सहा जणांनी कडा उचलून धरायच्या आणि त्या झोळीत पाणी व मिळेल तेवढा बर्फ ओतायचा. पाणी हाताने सतत हलवत राहावे. स्थिर पाण्यात त्वचेलगत कोमट पाण्याचा थर साचतो आणि गार होण्याचा वेग पडतो. एक जण फक्त डोक्याशी हवा, डोके आणि तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी. टबात बसवले असेल तर काखांखालून छातीवरून एक चादर नेऊन मागून धरावी, म्हणजे शुद्ध गेली तरी माणूस पाण्यात घसरत नाही. बर्फाच्या पाण्यात शरीर मिनिटाला साधारण ०.२ अंशाने उतरते. म्हणजे ४१ वरून ३९ वर यायला दहा ते पंधरा मिनिटे पुरतात. बर्फ नसला तरी नळाचे पाणी चालते. जे हाताशी आहे त्याने सुरुवात करावी, बर्फ येईपर्यंत थांबू नये.

बुडवणे शक्य नसेल तर चादरी, टॉवेल गार पाण्यात भिजवून डोके, धड, हात, पाय सर्व झाकावे आणि दर दोन-तीन मिनिटांनी बदलावे. अंगावरचा टॉवेल तापला की तो पांघरुणाचेच काम करतो, हे लक्षात येत नाही आणि तिथेच प्रयत्न फसतो. किंवा अंगावर सतत पाणी शिंपडत राहून जोराचा वारा घालावा. मान, काखा आणि जांघांत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवणे हे जोडीला ठीक, पण केवळ तेवढ्यावर भागत नाही. कपाळावरची ओली घडी साध्या तापात बरी वाटते, उष्माघातात तिचा उपयोग नगण्य.

यामागचा हिशेब सोपा आहे. साठ किलोच्या माणसाचे तापमान १ अंशाने उतरवायला सुमारे ५० किलोकॅलरी उष्णता बाहेर काढावी लागते. १०० मिलि पाणी त्वचेवरून वाफ होऊन गेले तर ते सुमारे ५८ किलोकॅलरी घेऊन जाते. म्हणून कोरड्या हवेत ओले अंग आणि वारा ही जोडी जबरदस्त काम करते. दमट हवेत मात्र पाणी उडतच नाही, नुसते ओघळून जाते. तिथे बुडवणे किंवा वारंवार बदललेले गार टॉवेल हेच खरे. आणि हवा शरीरापेक्षा गरम असताना कोरड्या अंगावर पंखा सोडणे म्हणजे गरम हवेचा झोत सोडणे. पंखा हवा तर आधी अंग ओले हवे.

‘एकदम गार पाणी टाकले तर झटका बसेल’, ‘रक्तवाहिन्या आकसून उष्णता आतच कोंडेल’ अशी भीती बरेच सुशिक्षित लोकही बोलून दाखवतात. तापलेल्या शरीरात हे असे घडत नाही. वाहिन्या थोड्या आकसल्या तरी पाण्याचा गारवा त्याहून कितीतरी पटींनी उष्णता खेचतो. अमेरिकेतील फालमाउथच्या वार्षिक धावशर्यतीतली नोंद बोलकी आहे. तिथे १८ वर्षांत श्रमाने उष्माघात झालेले २७४ धावपटू अंतिम रेषेजवळच बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवले गेले आणि सगळे वाचले. सरासरी तापमान ४१ अंशांच्या वर असूनही. वय झालेल्या, हृदयरोग असलेल्या माणसाला बर्फात बुडवण्यापेक्षा शिंपडणे आणि वारा हा मार्ग अधिक सोसवतो. एवढी तारतम्याची जागा आहे. न गार करता मात्र कोणालाच ठेवू नये.

किती वेळ? माणूस नीट बोलू लागेपर्यंत, किंवा बुडवले असल्यास सुमारे पंधरा मिनिटे. आतले तापमान मोजणारा प्रशिक्षित माणूस असेल तर ३९ च्या खाली आले की थांबावे, नाहीतर उलटा गारठा भरतो. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तापमान उतरवणे हे ध्येय. वाहनातही खिडक्या उघड्या किंवा एसी सुरू, अंगावर ओले कापड आणि पाणी शिंपडणे चालू. बंद गाडीत दाटीवाटीने कोंबून नेण्यात जो वेळ जातो, त्याची किंमत मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे मोजत असतात.

शुद्ध हरपलेल्याच्या किंवा भ्रमात असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे. झटके आले तर तोंडात काही घालू नये, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि गार करणे चालू ठेवावे. तापाची गोळी देऊ नये. संसर्गाच्या तापात मेंदू स्वतः तापमानाची पातळी वर नेऊन ठेवतो आणि गोळी ती पातळी खाली आणते. उष्माघातात पातळी जागच्या जागीच असते, शरीर बाहेरच्या आणि स्नायूंच्या उष्णतेने तापलेले असते. गोळीला करण्यासारखे काही नसते, उलट आधीच भाजून निघालेल्या यकृतावर भार पडतो. अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

उष्णतेचा प्रत्येक त्रास म्हणजे उष्माघात नव्हे. डोके दुखते आहे, मळमळते आहे, घाम खूप, अंगात त्राण नाही, पण बोलणे स्वच्छ आहे, तर तो उष्णतेने आलेला थकवा. गार जागी आडवे करावे, पाय वीत-दीड वीत उंच ठेवावेत, कपडे सैल करून अंग ओले करावे आणि घोट-घोट क्षारयुक्त पाणी द्यावे. अर्ध्या तासात फरक पडला नाही, उलट्या थांबेनात किंवा बोलणे बिघडू लागले, तर पुढचा सगळा उपचार उष्माघाताचा. पोटरीत गोळा आला तर काम थांबवून पाय सरळ ठेवावा, पंजा हळूहळू स्वतःकडे ताणावा आणि क्षारयुक्त पाणी प्यावे. गोळा गेला म्हणून लगेच पुन्हा कामाला जुंपून घेऊ नये.

क्षारयुक्त पाण्याबद्दल स्वतंत्रपणे लिहायलाच हवे, कारण यात हात सैल सुटतो. तयार ओआरएसचे १ लिटरचे पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच घालायचे; अर्धे पाकीट अंदाजाने ग्लासात टाकले तर क्षारांचे प्रमाण चुकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. ‘सपाट’ म्हणजे चमचा भरून वरचा ढीग सुरीच्या पाठीने काढून टाकलेला. शीग लावून भरलेल्या चमच्याने मीठ सहज दुप्पट होते, आणि ते लहान मुलाला धोक्याचे ठरते. नुसत्या पाण्याचाही अतिरेक नको. उन्हात राबणाऱ्याने दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, तासाला दीड लिटरच्या वर नाही. तासन्‌तास नुसते पाणीच ढोसले तर रक्तातले सोडियम पातळ होते. त्यातही डोकेदुखी, उलट्या, भ्रम हीच लक्षणे दिसतात आणि भोवतालचे लोक आणखी पाणी पाजतात.

कामावर घेणाऱ्यांसाठी एक आकडा. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातले काम पूर्ण पाळीच्या २० टक्केच द्यावे आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावे. उन्हातले बळी पहिल्या काही दिवसांतच अधिक पडतात, हे नोकरी देणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवे.

आता थंडी. आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला वैद्यक हायपोथर्मिया म्हणते. बर्फ पडायलाच हवा असे नाही. १० अंशांची हवा, भिजलेले कपडे आणि वारा एवढे पुरते, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढते. वृद्धांच्या बाबतीत तर गार घरातही हे हळूहळू, कोणाच्या ध्यानात न येता होते. तान्ह्या बाळाचे गाल गुलाबी दिसत असतात, पण पोट-छाती गार लागते आणि बाळ दूध ओढत नाही.

इथेही पहिली खूण वागण्यातच दिसते. माणूस अडखळतो, जीभ जड होते, शर्टाची बटणे लावता येत नाहीत. अंगठ्याचे टोक त्याच हाताच्या करंगळीला लावायला सांगावे. जमत नसेल तर गारठा खोल चालला आहे. हुडहुडी ही चांगली खूण आहे, शरीर लढते आहे. भीती तेव्हा, जेव्हा हुडहुडी थांबते आणि माणूस शांत, गुंगलेला होतो. ‘आता बरं वाटतंय’ असे म्हणत तो अंगावरचे कपडे काढू लागतो, तेव्हा तापमान ३२ अंशांच्या खाली घसरलेले असू शकते. त्या वाक्यावर विश्वास ठेवून त्याला एकटे सोडू नका.

अशा माणसाला आडवेच ठेवावे. उठवून चालवणे, धक्के देत उचलणे, हातपाय चोळणे, हे सर्व टाळावे. गार पडलेले हृदय फार नाजूक असते, दणक्याने त्याची लय बिघडून नुसते थरथरू लागते. हातपायांतले थंडगार रक्त चोळण्याने गाभ्याकडे परतते तेही वेगळेच. गरम पाण्याने आंघोळ घालण्यातही हाच धोका आहे. त्वचेच्या वाहिन्या एकदम उघडतात, रक्तदाब कोसळतो.

आडोसा मिळाल्यावर ओले कपडे ओढून नव्हे, कापून काढावेत. अंग टिपावे, घासू नये. मग आधी खाली अंथरावे. लोक वरून चार ब्लँकेटे घालतात आणि खाली गार फरशी तशीच असते. शरीराच्या वजनाने खालचे पांघरूण दबते आणि जमीन उष्णता खेचत राहते. म्हणून खाली किमान दोन जाड थर, त्यावर माणूस, वर कोरडी पांघरुणे, डोके व मान झाकलेली, तोंड मोकळे, आणि सर्वांत बाहेर वारा व पाणी अडवणारे प्लास्टिक किंवा ताडपत्री. कपडे काढणे शक्यच नसेल तर ओल्या कपड्यांवरून आधी प्लास्टिक गुंडाळावे, मग पांघरुणे. पाणी पांघरुणात मुरत नाही आणि वाफ होऊन उष्णताही नेत नाही. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छातीवर, काखांत आणि पाठीशी ठेवाव्यात, हातापायांशी नव्हे. बाटली आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूस सोसवेल इतपतच गरम असावी आणि दर वीस मिनिटांनी त्याखालची त्वचा पाहावी. गारठलेल्या त्वचेला संवेदना नसते, ती भाजली तरी माणूस हूं की चूं करत नाही.

पूर्ण शुद्धीत असलेल्या, स्वतःचा पेला स्वतःच्या हाताने धरू शकणाऱ्याला गरम गोड पेय द्यावे. हुडहुडीला इंधन लागते, ते साखरेतून मिळते. दारू मुळीच देऊ नये. तिने त्वचेकडे रक्त धावते, ऊब वाटते आणि गाभ्याची उष्णता वाहून जाते, कुडकुडणेही मंदावते.

निपचित, निळसर, ताठरलेला माणूस पाहून ‘गेला’ असा निष्कर्ष काढू नये. खोल गारठ्यात श्वास आणि नाडी इतकी मंद होते की दहा सेकंदांत सापडत नाही. पूर्ण एक मिनिट तपासावे. हालचाल, श्वास, नाडी काहीच नसेल तर छातीवर दाब सुरू करावेत : मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, आणि येत असल्यास ३० दाबांमागे २ श्वास. वैद्यकीय मदत येईपर्यंत थांबू नये. १९९९ मध्ये नॉर्वेत एक तरुण डॉक्टर बर्फाखालच्या ओढ्यात ८० मिनिटे अडकली होती. तिचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते, हृदय थांबले होते. ती वाचली आणि पुढे पुन्हा रुग्णालयात काम करू लागली. थंडीने मेंदूची ऑक्सिजनची गरज घटते, म्हणून ही संधी असते.

हिमदंशात बोटे, कान, नाक पांढरे, मेणासारखे, बधिर होतात. अंगठ्या काढून घ्याव्यात, सूज आली की निघत नाहीत. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तो भाग वितळवूच नये. वितळून दुसऱ्यांदा गोठलेले बोट बहुतेक हातचे जाते. सुरक्षित जागी पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात, थर्मामीटरने मोजून, १५ ते ३० मिनिटे बुडवावे. पाणी निवत जाते, ते ओतून काढून नवे घालावे. रंग लालसर-जांभळा आणि त्वचा मऊ झाली की पुरे. या वेळी वेदना फार होतात, रुग्णाला आधी सांगून ठेवावे. फोड फोडू नयेत, बोटांच्या बेचक्यांत कोरडे गॉज ठेवून सैल पट्टी बांधावी. बर्फाने चोळणे किंवा आगीसमोर धरणे यांनी मांस आणखी फाटते किंवा भाजते. दिवसभर ओल्या बुटांत राहून पांढरे-सुरकुतलेले, सुजलेले पाय हा वेगळा त्रास; ते धुऊन, टिपून, उंच ठेवून उघड्या हवेत सुकवावेत, शेकू नयेत.

एक इशारा याच पत्रात हवाच. ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत पेटते कोळसे ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, झोप लागते. एका खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर तो सर्दी-पडशाचा भाग समजू नये. सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालयात न्यावे.

संपादक महोदय, आमची विनंती आहे की पुढच्या मोसमातील चौकटीत उष्माघाताखाली ‘प्रथम जागेवर गार करा, मग हलवा’ आणि गारठ्याखाली ‘आडवे ठेवा, चोळू नका, खालून अंथरा’ या ओळी सर्वांत वर, ठळक छापाव्यात. शर्यती, मेळावे, सराव शिबिरे भरवणाऱ्यांनाही आपण पुढील तयारी ठेवायला सांगावे. दीडशे लिटर पाणी मावेल असा एक टब किंवा एक मजबूत ताडपत्री, शीतपेटीत २० किलो बर्फ, डझनभर टॉवेल आणि टबाशी कोण उभे राहणार, डोके कोण धरणार, फोन कोण करणार यांची नावे आदल्या दिवशी कागदावर.

आपले,
प्रथमोपचार शिकवणारे काही वाचक